हा कसा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत भाषेच्या फजितीचे किस्से सांगायची जुनी हौस आहे. दक्षिणेतून, म्हणजे पुण्या-साताऱ्याकडून, कोणी नवा माणूस आला, की त्याने बाजारात काय मागितलं आणि त्याच्या हातात काय पडलं, हे पुढची कित्येक वर्षं पंक्तीत सांगितलं जातं. माझ्याकडेही असा एक किस्सा होता, माझ्या मेव्हण्याचा. लग्नांत, बारशांत मी तो इतक्यांदा सांगितला की घरातल्यांना पाठ झाला. लोक हसायचे, मी पाण्याचं भांडं उचलायचो आणि गोष्ट तिथेच थांबवायचो.

ती तिथे थांबत नाही. पुढचा भाग मी कोणालाच सांगितला नाही. आधी नोकरीच्या भीतीने टाळला, मग सवयीने, आणि नंतर ज्यांना सांगायला हवा होता ती माणसंच राहिली नाहीत म्हणून. माझ्या घरात त्या मेव्हण्याबद्दल एक खोटी समजूत पक्की होऊन बसली आहे. ती मी पक्की केली. माझ्या मुलांनी निदान हे वाचावं.

आमचं घर शिंदे की छावनीत. आजा-पणजा फौजेतले. वडीलही काही वर्षं फौजेत होते. माझ्या वेळेपर्यंत फौजेत पूर्वीसारखी भरती राहिली नव्हती, म्हणून मी एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हता. आईला माझं काम शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींना ती सांगायची, "आमच्याकडे खुंटीला तलवार असायची. आता पाना असतो."

मला मात्र पाना आवडायचा. पाना म्हणजे तरी काय, आपल्याच हाताची वाढवलेली लांबी. दांडा जितका लांब, तितका जोर कमी लागतो. पण लांब दांड्याला फिरायला जागा लागते, आणि यंत्र बनवणारा माणूस नेमकी जागाच ठेवत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल ह्या एका अडचणीवर खर्च व्हायची. नट हलत नसला तर दांड्यावर लोखंडी नळी चढवून तो आणखी लांब करायचा, आणि भिंतीला लागून असलेल्या नटासाठी आखूड, मान वाकडी केलेला पाना वापरायचा. असा वाकडा पाना आमच्या शेडमध्ये एकच होता. मिस्त्रींनी तो स्वतः भट्टीत तापवून वाकवला होता.

हे मिस्त्री ग्वाल्हेरचेच, हिंदी बोलणारे, वयाने माझ्या वडिलांएवढे. मराठी माणसांत आयुष्य गेल्यामुळे त्यांना आमची भाषा थोडीफार समजायची. बोलताना मात्र ती त्यांच्या तोंडात मोडायची. शेडमध्ये सगळं काम हिंदीत चाले. मीही तिथे हिंदीच बोलायचो आणि घरी आलो तरी निम्मी तीच तोंडात असायची. माझी बायको साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, "तुमचं मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं आहे." पुढे पाच-सात वर्षांत बाजारहाट करून तिलाही हिंदी चांगली यायला लागली, तेव्हा मी तिला ते लुगडं परत केलं.

तिचा धाकटा भाऊ आमच्याकडे आला तेव्हा विशीच्या आसपासचा असेल. उंच, मोठ्या पंजांचा, हसला की हिरड्या दिसायच्या. गावाकडे त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं, पण मुलीच्या बापाची एक अट होती, मुलाला पक्की नोकरी हवी. सासूबाईंनी मला सांगून पाठवलं होतं की जावईबापूंनी त्याला हाताशी धरावं. मी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी त्याचे पंजे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "इसके हाथ में तो पाना बच्चा लगेगा. ले आओ."

त्याला हिंदीचा गंध नव्हता. तो सदैव माझ्याबरोबर काम करी आणि मी त्याला मराठीत शिकवत असे. नटाला पाना पूर्ण बसल्याशिवाय जोर लावायचा नाही, नाहीतर नटाच्या कडा झिजतात. जोर शक्यतो ओढून लावायचा, ढकलून नाही, कारण पाना निसटला तर ढकलणाऱ्याची बोटं लोखंडावर आपटतात. तो मन लावून ऐके आणि प्रत्येक गोष्ट विचारी. "दाजी, हा कुठं?" "दाजी, ह्यो कशाचा?" मी कधीकधी वैतागायचो. म्हणायचो, "अरे, प्रश्न विचारायचा पगार आहे का तुला?" तो हिरड्या दाखवून म्हणायचा, "इचारल्याबिगर कळंल कसं वो?"

आता तो किस्सा.

हिंदीत पेच किंवा नट आवळला की 'कसा' म्हणतात. आमच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला दुसरा विचारायचा, "कसा?" म्हणजे आवळलास का? तो उत्तर द्यायचा, "कसा." म्हणजे आवळला. एवढ्या एका शब्दावर काम पुढे सरके. मेव्हणा नवा असताना एका नटावर झुंजत होता. मिस्त्री मागून आले आणि विचारलं, "कसा?"

मेव्हण्याने पाना खाली ठेवला, हात पुसले, उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "बरा हाय जी. तुमी कसं हाय?"

मिस्त्रींना समजायला क्षणभर लागला. मग ते तिथेच ओंडक्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सगळी शेड हसली. मेव्हणाही हसला. त्याला वाटलं, मिस्त्रींनी मोडक्या मराठीत आपली विचारपूस केली आणि लोक त्यांच्या मराठीला हसतायत. त्यानंतर मिस्त्री मुद्दामच त्याला दिवसातून अनेकदा विचारायचे, "कसा?" आणि तो दरवेळी सांगायचा, "बरा."

घरी जेवताना तो बहिणीला म्हणाला, "आक्का, मिस्त्री लई देवमाणूस हाय. गावाकडं कोन इचारतंय? हितं दिवसातनं धा येळा इचारतो, कसा हायस."

ती माझ्याकडे पाहून हसायला लागली. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. तो झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "सांगा ना त्याला. बिचारा भोळा आहे." मी म्हटलं, "राहू दे अजून थोडे दिवस. मजा येते."

पंक्तीत मी इथे थांबायचो.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. बॉयलरकडून येणाऱ्या वाफेच्या नळाचा एक जोड गळत होता. दोन नळांची तोंडं एकमेकांना लावून त्यांच्या कडांवरून बोल्ट-नट आवळलेले असतात, मध्ये पॅकिंग असतं. ते पॅकिंग बदलायचं होतं. जोड उंचावर, भिंतीला लागून. मेव्हणा शिडीवरून वरच्या फळीवर चढला. मी खाली, वाफ सोडायच्या चाकापाशी. मिस्त्री शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. बाजूला दुसरं यंत्र चालू होतं, त्यामुळे ओरडून बोलावं लागे.

असे नट ओळीने आवळायचे नसतात. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग त्याच्या बाजूचा, मग त्याच्या समोरचा, म्हणजे पॅकिंगवर सगळीकडून सारखा दाब बसतो. हे मी त्याला शिकवलं होतं आणि तो तसंच करत होता. खालून मला त्याची पाठ आणि हलणारे कोपर दिसत होते.

आमच्यात एक पद्धत होती. वाफ सोडणाऱ्याने आधी स्वतः वर जायचं, आपल्या हाताने प्रत्येक नटावर पाना लावून बघायचा, मग खाली येऊन चाक फिरवायचं. मिस्त्री याला 'हाथ फेरना' म्हणत. मी ते नेहमी करत असे. त्या दिवशी लू चालली होती, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, शिडी हात लाववत नव्हता इतकी तापलेली, आणि जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या बेतात होता. मी वर गेलो नाही. खालूनच ओरडलो, "कसा?"

वरून आवाज आला, "हा कसा?"

हिंदीत 'हाँ, कसा' म्हणजे हो, आवळला. मराठीत 'हा कसा' म्हणजे काय, ते सांगायला नको. भिंतीकडच्या शेवटच्या नटावर त्याचा लांब पाना फिरत नव्हता. भिंत आड येत होती. तो मला विचारत होता की हा कसा आवळू. त्या नटासाठी लागणारा वाकडा पाना माझ्या पायाशी पडला होता. वर द्यायचा म्हणून मीच आणून ठेवला होता आणि विसरलो होतो.

मी चाक फिरवलं.

त्या क्षणी मला काय ऐकू आलं, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. यंत्राचा आवाज होता, हे खरं. मला भोंग्याची घाई होती, हेही खरं. कदाचित मला जे हवं होतं तेच ऐकू आलं असेल. पण वाफेची पहिली शिट्टी कानावर आली तेव्हा मला कळलं होतं. त्याच्या शब्दाचा शेवट वर गेलेला होता. तो प्रश्न होता.

मी चाक उलट फिरवलं, तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. तो फळीवर गुडघे टेकून बसला होता, दोन्ही हात पुढे धरून, जणू ते कोणा दुसऱ्याचे असावेत. गळ्याची आणि जबड्याची एक बाजूही भाजली होती. तो ओरडला नाही. मिस्त्री धावत आले, त्यांनी आणि मी त्याला उतरवलं. दवाखान्यात नेताना टांग्यात तो मला म्हणाला, "दाजी, शेवटला ऱ्हायला वो. शेवटला आवळायचा ऱ्हायला."

डोळे वाचले. डाव्या हाताला नवी कातडी धरली. उजव्या हाताची बोटं जी आत वळली ती वळलीच. डॉक्टरांनी सांगितलं, ही बोटं आता पुरती उघडायची नाहीत आणि पुरती मिटायचीही नाहीत.

चौकशी ठरली. आदल्या दिवशी मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "देखो, लड़के की गलती न निकले तो साहब उसे फाटक पर रख लेंगे. पहले भी रखे हैं. पक्की जगह है. और गलती निकली तो फिर घर." मी मान हलवली. मग ते म्हणाले, "तुमने हाथ फेरा था?"

मी म्हणालो, "उसने बोला, कसा."

त्यांनी पुढे विचारलं नाही. ते पुढल्या वर्षी काम सोडणार होते आणि त्यांच्या जागी माझं नाव त्यांनीच सुचवलेलं होतं.

साहेब बाहेरगावाहून आलेले होते. हिंदी बरी बोलायचे, मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. खोलीत ते, मिस्त्री, मी आणि मेव्हणा, एवढेच. मेव्हण्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. त्याला नमस्कार करायचा होता, पण तळवे जुळेनात, म्हणून त्याने नुसती मान लववली. साहेबांना मराठी येत नाही म्हणून त्याचं बोलणं मी हिंदीत सांगायचं, असं ठरलं. दुभाषी मीच.

साहेबांनी आधी मला विचारलं, "तुमने वाल्व क्यों खोला?"

मी म्हणालो, "साहब, मैंने पूछा, कसा? इसने कहा, हाँ, कसा."

इथे मला थांबून लिहिलं पाहिजे. मी 'हाँ' म्हणालो. नाकातून म्हणालो, आणि त्याच्यानंतर जरासा थांबलो. तो वर जे म्हणाला होता त्यात नाकातला स्वर नव्हता आणि थांबणंही नव्हतं. मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर करून साहेबांपुढे ठेवलं, आणि त्याला एक चंद्रबिंदू पुरला. शब्द तेच होते. कोणी मला खोटारडा म्हटलं असतं, तर मी तिथल्या तिथे सिद्ध केलं असतं की शब्द तेच आहेत.

साहेब मला म्हणाले, "इससे पूछो, यही कहा था?"

मी त्याच्याकडे वळलो. मराठीत विचारलं, "साहेब विचारतायत, तू 'हा कसा' असं म्हणालास का?"

"व्हय," तो म्हणाला, "म्हणालो की." आणि साहेबांना कळावं म्हणून त्यांच्याकडे बघून जरा मोठ्याने, सावकाश म्हणाला, "हा कसा. हा कसा म्हणालो जी."

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. नट न आवळता आवळला म्हणून सांगणारा माणूस कारखान्यात कसा ठेवायचा?

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साहब, मराठी में 'कसा' का मतलब 'कैसे' होता है. त्या एका वाक्याने तो फाटकावर पहारेकरी म्हणून राहिला असता आणि मी घरी बसलो असतो. माझ्या डोळ्यांसमोर आई होती, पोटुशी बायको होती, मिस्त्रींची रिकामी होणारी जागा होती. मनात असंही आलं की हा एकटा आहे, याला गावाकडे घर आहे, भाऊबंद आहेत, हा कसाही जगेल. माणूस दुसऱ्याचा हिशेब किती चटकन करतो.

मेव्हणा माझ्याकडे पाहत होता. साहेब काय म्हणाले ते मी सांगावं म्हणून.

मी सांगितलं, "ते म्हणतायत, आता काम करता येणार नाही."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "ह्या हातानं काय करनार."

म्हणजे काढून का टाकलं, तेही त्याला कळलं नाही. तेही मीच कळू दिलं नाही.

बाहेर आल्यावर मिस्त्री माझ्याजवळून जाताना थांबले. त्यांना तो 'बरा हाय जी' आठवत असणारच. म्हणाले, "बोली तुम्हारी है, तुम जानो." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

घरी बायकोने सगळं विचारून घेतलं. भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, त्याने 'कसा' म्हणून सांगितलं, मी वाफ सोडली. तिचा हात परातीत थांबला.

"कुठला कसा?" तिने विचारलं. "त्यांचा की आपला?"

मी म्हणालो, "त्या आवाजात काय कळतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढची भाकरी थापली. हा प्रश्न तिने मला पुन्हा कधी विचारला नाही, आणि मी तो किस्सा सांगायला लागलो की ती उठून आत जायची. लोकांना वाटायचं, भावाची थट्टा केलेली तिला खपत नाही.

तो गावी निघाला तेव्हा मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. बहिणीने दशम्या बांधून दिल्या होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाला, "दाजी, तुमी होता म्हणून साहेबांशी बोलनं तरी झालं. मला तर त्यांचं काय बी कळत न्हवतं." मग म्हणाला, "माझंच चुकलं. मी इचारत बसलो. आदी वरडून सांगाया पायजे हुतं की ऱ्हायलाय म्हणून." मी म्हटलं, "जाऊ दे आता." गाडी हलली. तो हात हलवायला गेला आणि पट्टी खिडकीला लागली.

त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे झालंच नाही.

मी मिस्त्री झालो. मुलं झाली. आणि घरात एक म्हण तयार झाली. कोणी पोराने पाढे न म्हणता म्हटले म्हणून सांगितलं, दार न लावता लावलं म्हटलं, की माझी आई म्हणायची, "मामासारखं नको हं करू. आवळलं नाही नि म्हणे आवळलं." मुलं मोठी झाली तशी ती आपल्या मुलांना हेच म्हणायला लागली. माझ्या नातवंडांनी तो माणूस पाहिलासुद्धा नाही, पण खोटं बोलणारा मामा म्हणून त्यांना तो ठाऊक आहे. मी दरवेळी तिथे बसलेला असायचो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सासूबाई आजारी पडल्या म्हणून आम्ही दोघं गावी गेलो. किती वर्षांनी तरी मी त्याला पाहत होतो. गावात तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली होती, तिथे तो काम करायचा. दळण तोलायचं, पट्ट्यावर लक्ष ठेवायचं. उजवा हात उपरण्यात झाकलेला. हिरड्या दाखवून तसाच हसला.

संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर आम्ही बाहेरच्या दगडावर बसलो. गावातला एक जण फौजेतून रजेवर आला होता, उत्तरेत पुष्कळ वर्षं काढलेला. त्याच्याबद्दल बोलता बोलता मेव्हणा म्हणाला, "त्यो परवा हितं आलता. पट्टा ढिला हुता, मी बसवत हुतो. तर मला म्हनतो, कसा? मी म्हनालो, बरा हाय. लई हसला."

मी गिरणीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मग त्यानं सांगितलं," तो म्हणाला. "दाजी, तिकडं कसा म्हंजी आवळला, व्हय?"

"हो," मी म्हटलं.

तो पायाने पीठ सारत होता. त्या उडालेल्या पिठाने दोघांच्या वहाणा पांढऱ्या झाल्या होत्या. "म्हंजी मिस्त्री माझी इचारपूस करत न्हवता."

"नाही."

"मला वाटायचं, करतोय." मग म्हणाला, "म्हंजी तुमाला तसं ऐकू आलं आसंल. मी म्हनालो हा कसा, तर तुमाला वाटलं आवळला. तुमी काय करनार. आवाज तरी केवढा हुता तितं." त्याने माझ्यावरचा एक आरोप मी न मागता उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, एवढ्यावर संपेल.

"पर दाजी," तो म्हणाला, "साहेबापुढं तर आवाज न्हवता. तितं तर तुमी माझ्या शेजारीच हुता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नेहमीसारखा विचारत होता. एखादी गोष्ट कळली नाही की विचारायचा, तसं. त्याला उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडेच होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वाटेने जाणाऱ्या एका बाईने दळणाचं काहीतरी विचारलं. तो उठून तिच्याशी बोलायला गेला. परत आला तेव्हा मीच म्हणालो, "चला, जेवायची वेळ झाली असेल." तो म्हणाला, "व्हय, चला." वाटेत त्याने यंदाच्या ज्वारीबद्दल सांगितलं.

परत निघताना तो गाडीतळापर्यंत आला. बहिणीच्या पाया पडला, माझ्याही पडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तब्येतीला जप." तो म्हणाला, "व्हय दाजी." गाडी चालू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं नाही, कारण तो अजून उभा असेल अशी मला भीती होती.

त्यानंतर मी पुन्हा गेलो नाही. दरवर्षी म्हणायचो, यंदा जाऊ. बायको म्हणायची, "जा ना, तुम्हीच जा." तिला काय माहीत होतं आणि किती, हे मी कधी विचारलं नाही. संस्थान विलीन झालं त्याच्या आगेमागे तो वारल्याची बातमी आली. साध्या तापाने गेला. तिने दिवसभर काही खाल्लं नाही आणि संध्याकाळी मला म्हणाली, "शेवटी त्याच्या विचारण्याला कोणी उत्तर दिलंच नाही ना." मी विचारलं, काय? ती म्हणाली, "काही नाही." तीही आता नाही.

त्या गिरणीबाहेरच्या दगडावर मी जे म्हणायचं होतं, ते मी पुढे मनात अनेक तऱ्हांनी जुळवलं. दरवेळी त्यात सबबी यायच्या, घर यायचं, आई यायची, पोटुशी बायको यायची, आणि मी ते मोडून टाकायचो. सबबी काढल्या की फार थोडं उरतं. ते असं.

तू खोटं बोलला नाहीस. तू मला विचारलंस, आणि तू विचारतोयस हे साहेबांपुढे उभा असताना मला माहीत होतं. मी बोललो असतो तर तू फाटकावर राहिला असतास. मी मुद्दाम बोललो नाही. माझ्या घरात तुला खोटा म्हणतात, तेही मी ऐकून घेतो. चूक तुझी नव्हती, माझी होती. मला माफ कर.